पांदणीवरचे चार आठवडे

कुदळीत नवा दांडा ठोकल्याचा आवाज कानावर आला की आमच्या वस्तीत आगमनकाळ लागतो. कॅलेंडर पाहावं लागत नाही. नोव्हेंबर सरत आलेला असतो, तुरीच्या शेंगा भरत असतात, आणि अकरा घरांपैकी कुठल्या तरी एका ओसरीवर ठकठक सुरू होते. मग दुसऱ्या घरी, मग तिसऱ्या. त्या आवाजानं माझ्या अंगात जे वारं शिरतं ते खुद्द नाताळच्या दिवशीही शिरत नाही. यंदाही शिरलंय, म्हणून तर लिहायला बसले.

नाताळच्या आधीचे चार आठवडे ख्रिस्ती माणसानं गाजावाजा न करता स्वतःला तयार करायचं, येणाऱ्यासाठी आत जागा करायची, ही सगळीकडची रीत. शहरातल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चांमध्ये, या दिवसांत उपास धरतात, रोज बायबलातला एक उतारा वाचतात. आम्ही तेही करतो. पण त्याआधी आम्ही पांदण भरतो.

पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी कच्ची गाडीवाट. मंगरूळपीरच्या डांबरी रस्त्यावरच्या फाट्यापासून आमच्या वस्तीतल्या प्रार्थनाघरापर्यंत ती सव्वा किलोमीटर आहे. पावसाळ्यात तिथली काळी माती बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत गिळते. दिवाळीनंतर तीच माती वाळून दगड होते आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, खुरांचे खड्डे, नाल्याच्या पाण्यानं खाल्लेल्या कडा, सगळं जसंच्या तसं घट्ट होऊन बसतं. आमच्या पहिल्या पिढीनं प्रार्थनाघरात संदेष्ट्याचा तो उतारा ऐकला, वाट तयार करा, खोल असेल ते भरा, उंच असेल ते उतरवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळी घेऊन ते पांदणीवर उतरले. उपासनेला बैलगाडीतून येणारे त्या वेळचे पाद्रीसाहेब त्या रविवारी भरलेल्या वाटेवरून आले. म्हणतात, ते आधी पोट धरून हसले, मग कोट काढून त्यांनी घमेलं उचललं. तेव्हापासून हे सुरू आहे.

विहिरीच्या जुन्या दोरानं मोजून प्रत्येक घराला पांदणीचा एक तुकडा दिलेला आहे. शेतावर जाण्याआधी सकाळी एक तास काम. मुरूम आणायचा, टाकायचा, पाणी मारायचं, धुमशानं, म्हणजे दांड्याच्या जड ठोकणीनं, ठोकायचं. आणि त्या तासात बोलायचं नाही. एक शब्द नाही. घमेलं हवं असेल तर हात पुढे करायचा, थांबायचं असेल तर फावडं उभं धरायचं. लहानपणी मला ही शांतता शिक्षा वाटायची. आमच्या तुकड्याशेजारी ज्यांचं शेत आहे ते काका आमच्या मंडळीतले नाहीत, पण दरवर्षी ट्रॉलीभर मुरूम आणून टाकतात, आणि नियम त्यांना लागू नसल्यामुळे सगळ्यांच्या वाटचं एकटे बोलतात.

"काय राजेहो, तुमचा देव नाताळले येते, माहा कापूस त्याच्या आंदी न्यावं लागते. जरा हात चालवा!"

आम्ही ओठ दाबून ठोकत राहायचो. हसू फुटलं की नियम मोडायचा.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, कारण गोंधळ मीच घातला.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा जिनिंगमध्ये हमाली करतात. त्यांच्या संघटनेची लाल शाईतली पत्रकं एका खुंटीला, आणि दुसऱ्या खुंटीला बाईंनी दिलेली. बाई म्हणजे आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या. जन्मभर खांद्याला कापडी पिशवी लावून त्या पायी गावोगाव फिरल्या. मंगरूळच्या बाजारात, वाशीमच्या स्टँडवर छोट्या छोट्या हस्तपत्रिका वाटल्या. काहींत येशूच्या गोष्टी, काहींत दारू सोडा, पाणी उकळून प्या, मुलीला शाळेत घाला. उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा त्या माझ्यापुढे टाकायच्या आणि त्यातून मला अक्षरं शिकवायच्या. म्हणून मला वाक्य लिहिता यायला लागलं तेच मुळी उद्गारचिन्हासकट. वाशीमला कॉलेजात जायला लागल्यावर मी स्वतःची पत्रकं काढू लागले. मुलींच्या बसपाससाठी, वसतिगृहाच्या पाण्यासाठी. झेरॉक्सच्या दुकानात गरम कागदाचा गठ्ठा हातात पडतो ना, त्या उबेची सर मला अजून कशाला आलेली नाही.

तीन वर्षांमागची गोष्ट. आगमनकाळाच्या आधीच्या आठवड्यात मी मंगरूळच्या पंचायत समितीच्या कार्यालयात अर्ज घेऊन गेले. पांदण पक्की करा, एवढीच मागणी. सोबत आदल्या जानेवारीत काढलेले पांदणीचे फोटो जोडले होते. खिडकीतल्या बाबूंनी फोटो निरखून पाहिले. एक उलटा धरून पाहिला.

"ताई, ह्या रस्त्याले काय धाड भरली? माह्या घरापुढच्या रोडापेक्षा बरा हाय हा त!"

मागच्या टेबलावरचे दोघं हसले.

"बरा हाय, कारण आमी भरतो!" मी म्हणाले.

"मंग भरा नं. तुमी भरून राह्यले, चालून राह्यलं. कायले तरास करून घेता?"

बसमध्ये बसले तेव्हा माझे कान तापले होते. फाटा येईपर्यंत मला सगळं लख्ख दिसलं. आमचा घामच आमच्या अर्जावर पाणी ओततोय! दरवर्षी आम्ही खड्डे भरतो, म्हणजे दरवर्षी पुरावा पुसतो. ज्याचं काम आहे तो निवांत, आणि आम्ही गप्प राहून त्याचं काम करतो, वर त्याला भक्ती म्हणतो. उतरले ती धावतच घरी गेले आणि जेवणाआधी पत्रक लिहून काढलं. मथळा होता: "यंदा फावडं खाली ठेवा!" मंगरूळचे साहेब पाहणीला येईपर्यंत एकही खड्डा भरायचा नाही, असं त्यात बजावून सांगितलं होतं.

आगमनाच्या पहिल्या रविवारी प्रार्थनाघरात जांभळा पडदा लागला. तो बाईंच्या लग्नातल्या साडीचा आहे. पितळी परातीत ओली माती, निंबाचा पाला, त्यात चार मेणबत्त्या. दर रविवारी एक पेटवायची. पहिली पेटली, उपासना संपली, लोक चपला शोधू लागले आणि मी दारात उभी राहून पत्रकं वाटली. आमच्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे पूर्ण वाचलं.

"चांगलं लिहिलंस," ते म्हणाले. "सकाळी येतेस ना मग?"

"नाई येत, साहेब."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. मला ते रागवायला हवे होते.

दुपारी उरलेली पत्रकं घेऊन मी बाईंकडे गेले. त्यांचं घर फाट्यावर, डांबरी रस्त्याला लागून. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात ओसरीवरून घसरून त्यांचा खुबा मोडला होता. तेव्हापासून त्या चाकाच्या खुर्चीत. मधे एकदा ऑटोनं प्रार्थनाघरात यायला निघाल्या, तर निम्म्या वाटेत हिसक्यांनी डोळ्यांत पाणी आलं, ऑटो परत फिरवावा लागला. दीड वर्ष त्यांनी प्रार्थनाघराचं दार पाहिलं नव्हतं. पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घरी आणून देत. पण चौथी मेणबत्ती, शेवटच्या रविवारची, ती नेहमी बाई पेटवायच्या. आदल्या वर्षी ती दुसऱ्या कोणी पेटवली. ते त्यांना लागलं होतं.

त्यांनी भिंगानं पत्रक वाचलं. खालपर्यंत. मग पुन्हा वरून.

"जबरदस्त लिवलं गं पोरी. वाचता वाचता माहेच हात शिवशिवले."

मी फुलून गेले.

"आता मले एवढं सांग," त्या म्हणाल्या, "चौथ्या रविवारी मी कशी येऊ?"

"आमी नेऊ नं तुमाले उचलून! चौघीजणी धरू खुर्ची."

"मी काय तुरीचं पोतं हाय, उचलून न्यायले? ह्या वाटेनं मी चाळीस वर्षं माह्या पायानं गेली. आता चाकानं जाईन. पण जाईन त आपली आपण." त्यांनी भिंग मिटलं. "यंदा यायचं हाय मले. पुढच्या वर्साचं मी सांगत नाई."

"पण बाई, तत्त्वाचा प्रश्न हाय."

"असू दे नं. तू लिव. कलेक्टरले लिव, त्याच्या वरच्याले लिव. मी का अडवून राह्यली तुले? पण तुहा साहेब यायच्या आंदी मले जायचं हाय. त्याचं काय करतं, ते पाह्य."

मी उरलेली पत्रकं उचलून निघाले. खरं सांगायचं तर मला राग आला होता. माझ्या पत्रकाचं कौतुक करून त्यांनी ते माझ्याच हातात परत दिलं होतं.

सोमवारी सकाळी पांदणीवर सहाच घरं उतरली. पाच घरांनी फावडं खाली ठेवलं. माझ्या शब्दावर! ते पाहून मला भीती वाटायला हवी होती, पण मला चेव आला. आमचा तुकडा नाल्याजवळचा, सगळ्यांत खोल. आईनं कुदळ उचलली तशी मी ती धरली.

"हाच पुरावा हाय, आई. साहेब येतपर्यंत हात लावू नको."

आईनं माझ्याकडे पाहिलं, कुदळ सोडली आणि शेजारच्यांच्या तुकड्यावर घमेली वाहू लागली. नियमानुसार काही बोलली नाही. तिचं न बोलणं त्या आठवड्यात मला फार ऐकू आलं.

मंगरूळला फोन केला. "साहेब येत्या आठवड्यात येतीन," असं उत्तर मिळालं. मग मी फाट्यावर वाट पाहू लागले. कॉलेज बुडवून, निंबाखाली, फाइल मांडीवर. पांढरी जीप दिसली की उभी राहायचे. जीप पुढे निघून जायची. बाई ओसरीवर खुर्चीत बसून हे सगळं बघत.

"आला का तुहा साहेब?"

"येते म्हणे, बाई."

"चांगलं हाय. वाट पाहाची सवय लागून राह्यली तुले. आगमनकाळच चालू हाय तुहा बी."

दुसरा रविवार गेला. दुसरी मेणबत्ती पेटली. बुधवारी पांढरी जीप खरंच थांबली. मी धावले. आतल्या माणसानं काच खाली करून पोहरादेवीचा रस्ता विचारला. ओसरीवर बाईंनी पदर तोंडाला लावला, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसत होते.

तिसऱ्या रविवारी उपासना झाल्यावर आई मला घेऊन बाईंकडे गेली. दोघींनी काय ठरवलं होतं कोण जाणे. बाई खाटेवर बसल्या होत्या, खुर्ची अंगणात रिकामी होती.

"बस," बाई म्हणाल्या.

"कशात?"

"खुर्चीत. माहा साहेब तू हाय. कर पाहणी."

मी हसत बसले. आईनं मागून मुठी धरल्या आणि ढकलायला लागली. सुरुवातीचे तुकडे भरलेले होते. खुर्ची सरसर गेली, दोन्ही बाजूंनी तुरी, हरभऱ्याची हिरवी पट्टी, आणि मला पाळण्यात बसल्यासारखी मजा वाटू लागली. मग न भरलेला पहिला तुकडा आला. हाडं खडखडली. जीभ दातांखाली आली. मी मुठी आवळून बसले. मग आमचा तुकडा. आई थांबली नाही. पुढची छोटी चाकं चाकोरीत शिरली, तिथेच अडकली, मागची उचलली गेली आणि मी तोंडावर मातीत.

बांधावरून काका ओरडले, "उतरली का सवारी?"

ओठ फुटला होता. तोंडात धूळ. मी उठून बसले, तर आई खुर्ची सरळ करून तिची चाकं तपासत होती. माझ्याकडे पाहतही नव्हती.

"लिव आता याच्यावर पत्रक," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि ओठ दुखला. मग ती माझ्याजवळ उकिडवी बसली, पदरानं ओठ पुसला.

"तुह्या जागी बाईचा खुबा असता त?"

"मंग पुरावा कसा ठेवू, आई? भरला का संपलं सगळं. त्यायले काई दिसतच नाई!"

"पोट्टे, घरी चोरी झाली त चोर सापडेपर्यंत दार उघडं ठेवते का कोणी? पंचनामा करतेत आन् दार लावून घेतेत."

मी तशीच मातीत बसून राहिले. इतकी साधी गोष्ट! कॉलेजात मी ठराव लिहायचे, निवेदनं लिहायचे, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. संध्याकाळी बाबा जिनिंगमधून आले, केसांत सरकी, डोळे लाल. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते तरी माझ्या बाजूनं बोलतील, संघटनेचा माणूस आहे.

"आमी संपावर होतो नं," ते पाय धुता धुता म्हणाले, "तवा गेट बंद होतं. ट्रक सोडला नाई एक. पण दवाखान्याची गाडी आली का गेट उघडत होतो. ते का पत्रकात लिवा लागते?"

खुंटीवरची लाल पत्रकं मी सगळी वाचली होती. हे त्यांत कुठे नव्हतं.

सोमवारी सकाळी मी वही, टेप आणि फावडं घेऊन पांदणीवर गेले. त्या एका दिवसासाठी पाळकसाहेबांनी बोलायची परवानगी दिली. पंचनामा गप्प राहून होत नाही. पंच तिघं: पाळकसाहेब, आई आणि काका. प्रत्येक खड्ड्यात फावडं उभं करायचं, किती बुडतं ते मोजायचं, फोटो काढायचा, लिहायचं. काकांना तर इतका हुरूप आला की त्यांनी स्वतःच्या वाटेवरचे खड्डेही दाखवायला सुरुवात केली.

"ह्या इथं माही बैलजोडी दोनदा बसली, हे बी लिव. आन् इथं माह्या साळ्याची मोटारसायकल."

"साळ्याचं लिहू नकोस," पाळकसाहेब मला म्हणाले.

"काहून? तो का माणूस नाई?"

साळा लिहिला गेला. चौदा खड्डे, तीन सलग चाकोऱ्या, नाल्याकाठची खचलेली कड. खाली सह्या. फाट्यावर जाऊन मी वही बाईंपुढे धरली. त्यांनी सगळं वाचलं आणि वही परत दिली.

"सही करा नं, बाई."

"मी पाह्यलं का? न पाह्यलेल्यावर मी कदी सही केली नाई. रविवारी येईन, वाट पाहीन, मंग करीन."

म्हणजे हातात पाच दिवस होते.

त्या पाच दिवसांसारखे दिवस मी जगलेले नाहीत. मंगळवारी सकाळी मी घरोघर जाऊन सांगितलं की पत्रक मागे घेत नाही, मागणी तीच आहे, फक्त फावडं उचला. एका घरातली काकू म्हणाली, "ठेवा म्हनलं तवा ठेवलं, आता उचला म्हनते. तू एकदाचं ठरव न बाई!" पण आली. अकराही घरं आली. काकांची ट्रॉली दोनदा आली. मी आमच्या तुकड्यावर कुदळ मारू लागले. माती इतकी कडक की ठिणगी उडायची. हाताला फोड आले, फुटले. आणि बोलायचं नाही!

माझ्यासारखीला गप्प राहणं म्हणजे हार पत्करणं वाटायचं. पहिल्या दिवशी माझ्या डोक्यात नुसती भाषणं चालू होती. बाबूला उत्तरं, साहेबाला प्रश्न. दुसऱ्या दिवशी ती जरा दमली. तिसऱ्या दिवशी कधीतरी मला फक्त घमेल्यांचा आवाज ऐकू यायला लागला. मुरूम पडतो तो, पाणी शिंपडल्यावर माती श्वास घेते तो, अकरा घरांची धुमशी वेगवेगळ्या ठिकाणी पडतात तो. बाजूच्या तुकड्यावरच्या माणसाचा घमेलं उचलताना होणारा कण्हण्याचा आवाज, जो बोलण्याच्या गलक्यात मी कधी ऐकला नव्हता. मी न सांगता जाऊन त्याच्या घमेल्याला हात लावला. त्यानं मान डोलावली. बस, एवढंच. आणि मला आत इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं, आणि ओरडता येत नव्हतं म्हणून तो आतच वाढत राहिला. येणाऱ्यासाठी जागा करायची म्हणतात ती कदाचित अशी होत असेल. मला नक्की सांगता येणार नाही. मी धर्मशास्त्र शिकलेले नाही.

शनिवारी घागर. ही आमच्याकडची परीक्षा. पांदण झाली की हातगाडीवर काठोकाठ भरलेली घागर ठेवायची आणि फाट्यापासून प्रार्थनाघरापर्यंत चालत न्यायची. सगळी मंडळी मागून, मुक्यानं. जिथं पाणी सांडेल तिथं मुरमावर काळा डाग पडतो. ज्याचा तुकडा त्यानं पुढे व्हायचं, आणखी घमेलंभर टाकायचं, ठोकायचं. कोणी कोणाला बोल लावत नाही. त्या वर्षी हातगाडी काढलीच नाही. बाईंच्या खुर्चीत जुनी साडी गुंडाळून चुंबळ केली, तिच्यात घागर बसवली, पट्ट्यानं बांधली. मुठी आईच्या हातात.

खुर्ची निघाली. पाणी थरथरत होतं पण काठातच. पहिला डाग पडला तो पाळकसाहेबांच्या तुकड्यावर. भलामोठा. बांधावर उभ्या काकांनी टाळी वाजवली. "साहेब! रविवारी आमाले शिकवता, आन् सोताचा खड्डा!" पाळकसाहेबांनी कान पकडले आणि फावडं हातात घेतलं. आम्ही सगळे हसू दाबून लाल झालो होतो.

नाला जवळ आला तसं मी घमेलं भरून घेतलं. आमचा तुकडा. खुर्ची उतरली, पाणी एका बाजूला कललं, काठावर आलं, थांबलं. मग चढावर, अगदी शेवटच्या हातभरात, एक लाट बाहेर आली. टप्‌. तळहाताएवढा डाग. अकरा घरं मागे उभी. मी पुढे झाले, घमेलं ओतलं, धुमसलं. खुर्ची मागे घेऊन पुन्हा तिथून नेली. पुन्हा दोन थेंब. पुन्हा घमेलं. तिसऱ्यांदा खुर्ची गेली तेव्हा पाणी काठाला येऊन परत आत गेलं, आणि मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, पाण्याकडे पाहत होती. पण हसत होती.

चौथ्या रविवारी बाईंनी पांढरी साडी नेसली, केसांना तेल लावलं, मांडीवर ती जुनी कापडी पिशवी घेतली. मागून कोणी ढकलायचं नाही, असं हातानंच खुणावलं. फक्त आईनं मुठींवर बोटं टेकवून ठेवावीत. मग त्यांनी दोन्ही चाकांवर हात ठेवले आणि निघाल्या.

सव्वा किलोमीटर. मधे चार वेळा थांबल्या. दम घेतला. आम्ही मागे थांबायचो. काका शेतातून आले, टोपी काढून बांधावर उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा, निदान माझ्या देखत, काही बोलले नाहीत. नाल्याच्या उतारावर बाईंनी चाकं सोडून दिली. खुर्ची आपसूक खाली गेली, आमच्या तुकड्यावरून, एकही हिसका न देता, आणि चढाच्या पायथ्याशी जाऊन थांबली. तिथून त्यांनी चढ हातानं चढवला, सावकाश, दात आवळून. मी मुठीला हात लावायला गेले तर आईनं माझा हात बाजूला केला.

जांभळ्या पडद्याखाली परात ठेवली होती. तीन मेणबत्त्या पेटलेल्या. बाईंनी काडी ओढली. पहिली काडी विझली. दुसरी लागली. चौथी वात धरायला जरा वेळ लागला आणि मग धरली. त्या दिवशीचं प्रवचन मला आठवत नाही. मला सबंध वेळ मागच्या दारातून दिसणाऱ्या दोन बारीक रेघा दिसत होत्या, मुरमावर, समांतर, आमच्या नाल्यातून वर आलेल्या.

उपासना संपल्यावर बाईंनी हात पुढे केला.

"आण तुही वही."

त्यांनी भिंग काढलं, सही केली. सही करून थांबल्या नाहीत. खाली लिहू लागल्या. एकेक अक्षर कोरून, जसं मला शिकवताना लिहायच्या तसं. मी खांद्यावरून वाचलं:

"ही वाट मंडळीनं हातानं भरली आहे. पावसाळ्यात ती पुन्हा जाईल. करिता ती पक्की करावी. मला पुढच्या वर्षीही यायचं आहे."

सोमवारी पहिल्या बसनं मी मंगरूळला गेले. बाबूंनी वही उलटसुलट केली, साळ्याच्या मोटारसायकलपाशी हसले, शेवटच्या पानावर आले आणि वाचत राहिले.

"हे कोण, पुढच्या वर्सी येणार म्हणते ते?"

"माही मास्तरीण हाय," मी म्हणाले. "पोच द्या."

त्यांनी शिक्का शाईत दाबला आणि वहीवर मारला. खोलीभर आवाज झाला, कुदळीत दांडा ठोकल्यासारखा.